तीनाचे पाच ड्रम

८ सप्टेंबर, सोमवार
केमिकल इंजिनियरिंग, दुसरं वर्ष, पहिला दिवस. वय चोपन्न. जुना डिप्लोमा होता म्हणून पहिलं वर्ष माफ. खरं तर चारही माफ करायला हवी होती. एकतीस वर्षं इथे बंगळुरात, हेब्बाळच्या शेडमध्ये पांढरं फिनाईल बनवतोय. फॉर्म्युला माझा, नाक माझं. रोज सकाळी टाकीवर चढतो, वास घेतो, ढवळणीचा आवाज ऐकतो, ‘पास’ म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलांनी माल असा उचलला की दुसरी शेड घ्यावी लागली. नाक! बाकीचं, म्हणजे माल मागवणं, बायकांकडून काम करून घेणं, विकणं, बायको बघते, जयवंती. किरकोळ.
शिकवायला सहना मॅडम. वय एकोणतीस. माझा पहिला ड्रम त्यांच्याहून थोरला. वर्गात दया दाखवायची, असं ठरवलंय.
शेडवर ‘दिगंबरराव, बी.ई.’ असा बोर्ड रंगवायला पेंटरला सांगून आलो. तीन वर्षं थांबायचं कशाला?

१७ सप्टेंबर
आज मटेरियल बॅलन्स. मॅडम म्हणाल्या, कारखान्यात जेवढं आत जातं तेवढंच बाहेर येतं, नाहीतर आत साठतं. एवढं सांगायला पगार घेतात. मी विचारलं, मॅडम, कधी कारखाना बघितलाय का? पोरं हसली. घरी आल्यावर लक्षात आलं, मला हसली.
बाकावर शेजारी बसणारा प्रणेश म्हणाला, अंकल, सुम्ने कूत्कोळी. गप्प बसा म्हणे! चौकशी न करता नातं जोडतात ही मुलं. मागून कुणीतरी ‘फिनाईल सार’ पुटपुटलं. माझे कान तिखट आहेत. दुर्लक्ष केलं. नाव टिपून ठेवलं.

६ ऑक्टोबर
दसऱ्याच्या सुट्टीत अभ्यास झाला नाही. पाहुणे.
प्रोजेक्ट मिळाला: एखाद्या कारखान्याचा महिन्याचा बॅलन्स मांडा. जोडीदार प्रणेश. नशीब. मी म्हटलं, माझीच फॅक्टरी घेऊ, मॅडमना खरा उद्योग दिसू दे. उद्या संध्याकाळपर्यंत संपवतो.

१३ ऑक्टोबर
संपलं नाही. फॉर्म्युल्याप्रमाणे टाकीला दहा लिटर पाइन तेल. सप्टेंबरात टाक्या शंभर. हजार लिटर, म्हणजे पाच ड्रम. जयवंतीच्या रजिस्टरात तीनच. प्रणेश म्हणाला, अंकल, तेल कमी पडतंय. मी म्हटलं, तुझी अक्कल कमी पडतेय.
जयवंतीला विचारलं. म्हणाली, रजिस्टर बरोबर आहे, आणि जेवण गार होतंय. तिला यातलं काय कळणार?

१४ ऑक्टोबर, आंघोळीनंतर
उलगडलं! तीनाचे पाच होतात. हाताचा गुण. रिपोर्टात लिहिलं: ‘मालकाच्या दीर्घ अनुभवामुळे तेल पुरवठ्यास येते.’ प्रणेश म्हणाला, माझं नाव काढा. भित्रा.

२९ ऑक्टोबर
वीसपैकी शून्य. वर लाल पेनने शेरा: अनुभवातून तेल निघत नाही.
हे युद्ध आहे. प्रिन्सिपलना चार पानी तक्रार लिहिली. त्यांनी ती वाचून मॅडमकडेच पाठवली. सगळे सामील. मॅडमना तोंडावर सांगितलं, हिंमत असेल तर शेडवर या. त्या म्हणाल्या, येते की, पुढच्या शुक्रवारी, अख्खा वर्ग घेऊन. आतून टरकल्या असणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
वर्ग आला. चाळीस पोरं, चाळीस रुमाल. मी टाकीवर चढलो, वास घेतला, ‘पास’ म्हटलं आणि भाषण सुरू केलं. मॅडमचं लक्ष नाही. टाकी भरणाऱ्या नागरत्नाला विचारत होत्या, तेल किती घालता? अठरा वर्षांची नोकरी तिची. म्हणाली, सहा लिटर.
मी वरून ओरडलो, दहा!
तर म्हणते, अय्यो सार, दहा घातलं की लोकांचं डोकं उठायचं, हॉस्पिटलवाले डबे परत पाठवायचे. अकरा वर्षं झाली, जयवंतीअक्कांनी सहावर आणलं, साबण थोडा वाढवला. सारांना सांगू नका म्हणाल्या, रोज वास घेतात, सुखानं घेऊ देत.
सहाशे लिटर. तीन ड्रम. प्रणेशनं कॅल्क्युलेटरसुद्धा काढला नाही. पोरं यावेळी हसली नाहीत. ते जास्त लागलं.
टाकीवरून उतरायला शिडी सापडेना. मॅडमनी धरली.

८ नोव्हेंबर
जयवंतीशी आठवडाभर बोलणार नाही.

८ नोव्हेंबर, दुपारी एक
भूक लागली. बोललो. विचारलं, अकरा वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं होतं, तीनदा. तुम्ही टाकीचा आवाज ऐकत होतात.

१९ नोव्हेंबर
कॉलेजात नोटीस: शुक्रवारी फिनाईल उद्योगातील तज्ज्ञांचं व्याख्यान. आली शेवटी अक्कल! कोट इस्त्रीला टाकला. मुद्दे काढले, एकवीस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
नोटिशीला दुसरी ओळ होती. सौ. जयवंती.
ती स्टेजवर, मी तिसऱ्या बाकावर, कोटात. उठून जाणार होतो, पण हजेरी सक्तीची आणि माझी आधीच कमी. तासभर बोलली. कागद न बघता. पोरं प्रश्न विचारत होती, ‘मॅडम मॅडम’ करत. तिला कुणी आंटी म्हटलं नाही.
प्रणेशनं पेन पुढे केलं. म्हणाला, उतरवून घ्या अंकल, परीक्षेला येणार आहे.
उतरवून घेतलं. पाइन तेल, टाकीला सहा लिटर.
बाहेर पेंटर उभा. बोर्ड तयार आहे, कधी चढवू?
म्हटलं, अक्कांना विचार.