वॉर्ड-उत्सवातला माझा निरोप

बागबाजार, कलकत्ता

ती. उषाताईस,

दत्ताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघे हल्ली ऐकत नाहीत, त्यांना वगळून जो होईल तो गोड मानून घे.) तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं आमच्या क्षितिजने फोनवर सांगितलं. थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? हे पत्र एका बैठकीत वाचू नकोस, आणि शेजारच्या सुलभाकडून तर मुळीच वाचून घेऊ नकोस. ती मध्येच रडायला लागते आणि मग पुढचं कुणालाच कळत नाही. माझी तब्येत ठीक आहे. जेवण जातं. झोपही येते, फक्त दुपारी येते.

तर काल माझा निरोपसमारंभ झाला.

तुला माहीतच आहे, आमचं मराठी मंडळ म्हणजे बदलीवाल्यांचं मंडळ. बँकेतले, सरकारी खात्यांतले लोक यायचे, इथल्या घामाला नावं ठेवत तीन वर्षं काढायचे आणि जाताना मात्र ढसाढसा रडायचे. गणपती वर्षातून एकदा, कोजागिरी एकदा, निरोपसमारंभ मात्र सदा चालूच. मी निवृत्त होऊन इथेच राहिलो (सरलाला गंगेचा घाट सोडवेना आणि मला सरला), त्यामुळे भाषण कायमचं माझ्या गळ्यात पडलं. भाषण एकच. ‘बढतीवर नागपूरला चाललेले आमचे अमुकराव’, मग ‘त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी’ (ती महिन्याभरात त्याच क्वार्टरमध्ये नव्या बिऱ्हाडाने भरून यायची), मग ‘मंडळाचं दार तुम्हाला सदैव उघडं आहे’, आणि शेवटी ‘त्यांच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या राहिलेल्या वहिनींना मी व्यासपीठावर बोलावतो’. की वहिनी पदर सावरत यायच्या, सरला त्यांची ओटी भरायची, आणि बटाटेवडा खाऊन मंडळी घरी. घोळ असा एकदाच झाला. श्यामसुंदर देवस्थळी शाल-नारळ घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची बदलीच रद्द झाली. आता रीतसर निरोप घेतलेला माणूस! पुढे दोन वर्षं बिचारा प्रत्येक कार्यक्रमात खांबाआड बसायचा आणि दिसला की लोक त्याला विचारायचे, “अजून आहात?”

या सगळ्या समारंभांना प्रमुख पाहुणे ठरलेले, आमच्या वॉर्डाचे काउन्सिलर परितोष हालदार. या माणसाला समारंभाचं व्यसन आहे. रक्तदान असो, पोरांची चित्रकला असो, कॅरम, बिहारी मंडळींची छठ, तमिळ लोकांचा पोंगल, म्हाताऱ्यांचा हास्यक्लब, कुठेही चार खुर्च्या मांडल्या की त्यांतल्या एका खुर्चीवर हे दिसणार. दरवर्षी थंडीत वॉर्ड-उत्सव करतात आणि झाडून सगळ्या संस्थांची नावं फ्लेक्सवर छापतात. त्यात मराठी मंडळ अगदी वर. (ज्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने एके काळी इथल्या लोकांनी बागबाजारापासून खंदक खणायला घेतला, ते मराठे आता माणसाळले आहेत हे दाखवायला असेल.) खरं तर माणसाळलेला एकच उरला होता, मी. गेल्या वर्षी शेवटच्या बिऱ्हाडाची, मीनाच्या नवऱ्याची, बदली झाली आणि मंडळ संपलं. नवी पोरं येतात ती कॉम्प्युटरवाली, राहतात लांब न्यू टाउनला, आणि सण साजरे करतात फोनवर. तेव्हा पुढच्या आठवड्यात मी कायमचा पुण्याला लेकाकडे, क्षितिजकडे चाललो आहे असं सांगायला मी परितोषबाबूंच्या ऑफिसात गेलो. ते आधी म्हणाले की फ्लेक्स तर छापून झाला. मग विचारलं की सगळ्यांना तुम्ही निरोप दिलात, तुम्हाला कोण देणार? मी म्हटलं, राहू द्या हो. पण समारंभाच्या बाबतीत ‘राहू द्या’ हे त्यांना कुठल्याच भाषेत कळत नाही.

काल संध्याकाळी वॉर्ड-उत्सवात कॅरमची बक्षिसं आणि बिर्याणीची पाकिटं यांच्यामध्ये मला बसवलं. समोर कॅरमवाले, हास्यक्लब आणि आसपासच्या बायका. कुणालाही मराठीचा गंध नाही, सगळ्यांचं लक्ष बिर्याणीकडे. मला उत्तरीय घातलं, शाल दिली. (शाल बरी आहे. मी द्यायचो त्यापेक्षा पुष्कळच बरी.) आणि परितोषबाबू माईकसमोर उभे राहून मराठीत बोलायला लागले. हातात कागद नाही. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून माझं भाषण त्यांना तोंडपाठ झालेलं, शब्द न् शब्द माझा, फक्त जीभ बंगाली. मी बढतीवर नागपूरला चाललो होतो. मला हसू आवरेना. आपण इतकी वर्षं लोकांना किती छळलं हेही त्या निमित्ताने कळलं. मग ती पोकळी आली, आणि ताई, माझं हसू तिथेच थांबलं. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, पण मला ते आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. मग सदैव उघडं दार आलं. आणि मग त्याच ओघात, मान उंचावून, बायकांच्या बाजूला हात करून, त्यांनी सावलीसारख्या उभ्या राहिलेल्या सरला वहिनींना व्यासपीठावर बोलावलं.

कुणी उठलं नाही. बायकांना काही कळलंच नव्हतं, त्या तशाच हसऱ्या चेहऱ्याने बसून होत्या. परितोषबाबूंचा हात तसाच वर राहिला. सरलाला खांदा दिलेला माणूस तो, विसरेल कसा? माझ्याकडे वळून माईक न झाकताच म्हणाले, “दादा, भाभी के बगैर ये भाषण मुझे आता ही नहीं.” आणि लहान पोरासारखे रडायला लागले. टेबलावर ओटीचं ताटसुद्धा आठवणीने मांडून ठेवलेलं. तांदूळ, खणाच्या जागी लाल चौकड्यांचा गमछा, आणि नारळ म्हणून देठासकट हिरवं शहाळं.

ताई, सरला गेली तेव्हा मे महिना होता. सगळी मराठी बिऱ्हाडं सुट्टीला गावी, आणि तुझं विमान दुसऱ्या दिवशीचं. अहेवपणी गेली ती. परितोषबाबूंच्या बायकोने तिला कुंकू लावलं, पण ओटी भरायची असते हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला त्या घटकेला काहीच सुचत नव्हतं. अख्ख्या मंडळातल्या बायकांच्या ओट्या भरणारी बाई रिकाम्या पदराने गेली. तू फोनवर विचारलंस, मी गप्प बसलो, आणि तुला कळायचं ते कळलं. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

तर काल मागच्या रांगेतून एक मुलगी उठून स्टेजवर आली. अंगात जीन्स, पाठीला ऑफिसची सॅक. नाव अमृता. ती आणि तिचा नवरा सारंग नुकतेच इकडे आलेत, मेट्रो स्टेशनबाहेर फ्लेक्सवर मराठी मंडळ वाचून आपली माणसं भेटतील म्हणून शोधत आले होते. सगळ्या मांडवात ते भाषण कळलेली ती दोघंच. अमृताने ताट उचललं आणि हळूच विचारलं, “काका, ओटी मी भरते. पण पदर कुणाचा?” मी उठलो आणि गळ्यातलं उत्तरीय दोन्ही हातांनी पुढे पसरलं. तिने तांदूळ घातले, गमछा ठेवला, शहाळं ठेवलं, आणि आई करते तसं करतेय, चुकलं तर सांगा, म्हणाली. खालच्या बायकांना काहीतरी मंगल चाललंय एवढं उमगलं आणि त्यांनी इथल्या रीतीप्रमाणे जीभ हलवत ‘उलू-उलू’चा गजर केला. मी रडलो, ताई. बिर्याणीच्या वासात, सगळ्या वॉर्डासमोर, पुरुषासारखा पुरुष ओटी घेऊन उभा राहिलो आणि पोटभर रडलो.

सरलाची ओटी भरली. एवढं तुला कळवायचं होतं. डोळ्यांना जप.

तुझा,
दत्ता

ता.क. ते शहाळं प्यायचं, देवापुढे ठेवायचं की गंगेत सोडायचं? देठ सुकायला लागलाय. हे मी सरलाला विचारलं असतं, आता तूच फोन करून सांग.

आणखी ता.क. अमृता येत्या रविवारी न्यू टाउनची काही बिऱ्हाडं घेऊन माझ्याकडे यायचं म्हणते आहे. भाषणात दार सदैव उघडं असल्याचं मी इतकी वर्षं कबूल केलेलं आहे, तेव्हा ते उघडायला घरात कुणीतरी हवं. पुण्याचं तिकीट मी रद्द केलं. क्षितिजला मात्र तू सांग. माझं तो ऐकायचा नाही, आणि तुला उलट बोलायची त्याची छाती नाही. मुख्य म्हणजे याचसाठी हे पत्र लिहिलं. शाल परत द्यायला गेलो तर परितोषबाबू घेत नाहीत. आणि आज सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर दुकानदार मला आपादमस्तक न्याहाळून त्याच्या बंगालीत म्हणाला, “दादा, अजून आहात?”