आपण कुठे उतरायचं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मला विचारायचंच नव्हतं तर विचारलं कशाला? "आई, तुला कुठलं हॉटेल आवडलं?" म्हणे. मी चष्मा शोधून, पुसून, नाकावर चढवेपर्यंत लेकानं फोन सुनेकडे फिरवलासुद्धा. सून म्हणाली, "हेच. पोहायचा तलाव आहे." झालं! ठरलं! मी चष्मा लावून भिंतीकडे बघत बसले.

प्रकरण असं. लेक पंपाच्या कंपनीत. महिन्यातले निम्मे दिवस परगावी, हॉटेलात मुक्काम. तिथे निजलं की हॉटेलवाले ह्याच्या नावावर पॉइंट लिहितात. पॉइंट म्हणजे मला वाटलं डोंगरावरचे, घोड्यावर बसून बघायला जातात ते. नात हसून हसून लोळली. हसू दे, फुकट आहे. आता साठलेले पॉइंट महिनाअखेरीला मरणार, म्हणून त्यांच्या बदल्यात खोल्या घ्यायच्या आणि सगळ्यांनी तीन रात्री सुट्टीवर जायचं. पॉइंट मरतात म्हणून जायचं हं. आईला बहिणीला भेटायचंय म्हणून नाही!

कारण शहर कुठलं निवडलं, तर धाकटीचं. माझी पाठची बहीण. नऊ वर्षांत तिला डोळ्यांनी बघितलेलं नाही. आधी माझे गुडघे, मग तिची कंबर, मग कुणाची परीक्षा, कुणाचं काय. नुसता आवाज ऐकते फोनवर. ती राहते स्टेशनाच्या मागे, जुन्या बाजारातल्या गल्लीत. आणि ह्यांचं तलाववालं हॉटेल कुठे? विमानतळापाशी! तिथून तिच्याकडे जायला दीड तास. "एका संध्याकाळी तासभर जाऊन येऊ की," लेक म्हणाला. तासभर! दवाखान्यात आजारी माणसाला बघायला जातात तसं. केळी घेऊन.

मला तिच्याजवळ बसायचंय. काही न बोलता बसायचंय. ते तासाभरात होत नाही. हे ह्यांना कोण समजावणार, मी तर नाही समजावणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी त्या खोलीला जितके पॉइंट लागत होते तितके संध्याकाळी पुरेनात. लेक फोनवर ओरडतोय. समोरची पोरगी गोड आवाजात तेच तेच सांगतेय. शेवटी म्हणाली, "आपल्याला आणखी काही मदत करू का?" अगं, पहिली तरी कर!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी म्हटलं, स्टेशनामागे एखादं हॉटेल असेलच की. नातीनं शोधलं. आहे! त्याच कंपनीचं, जुनं, चार मजली, आणि पॉइंटही कमी. मी काही बोलायच्या आत सुनेनं लोकांचे शेरे वाचायला घेतले. एकानं लिहिलंय, पाणी फार गरम. दुसऱ्यानं लिहिलंय, पाणी गरमच येत नाही. मी म्हटलं, दोघांना एका खोलीत ठेवा, कोमट होईल. तिसरा म्हणतो, खिडकीतून गाड्यांचा आवाज येतो. मग स्टेशनामागे काय, कोणी गाणं म्हणणार होतं?

सून म्हणाली, "आई, त्याला तीनच तारे आहेत हो."

मला झोपायचंय, ज्योतिष नाही बघायचं!

मग मला विमानतळवाल्याचे फोटो दाखवले. पांढरा बिछाना, पांढऱ्या भिंती, उशा इतक्या की माणसानं झोपायचं कुठे? आणि न्हाणीघराला भिंतच नाही. काच! बिछान्यावर बसलेल्याला आत आंघोळ करणारा दिसतो. मी विचारलं, "आणि ह्याचे जास्त पॉइंट?" लेक म्हणाला, "पडदा असतो गं आई." मग काच कशाला लावली, मेल्यांनो!

खोली कुणाबरोबर, तर माझी नातीबरोबर. तिला काच आवडली.

रविवार, ९ नोव्हेंबर

धाकटीचा फोन. मी काजं करत बसले होते. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय शिंप्याकडून, शर्टांचा ढीग मांडीवर. फोन खांद्यात धरला. लेक आणि सून समोरच, पुन्हा तोच वाद, तलाव की स्टेशन.

धाकटी म्हणाली, "येताय म्हणे? कुठे उतरणार?"

तिच्या घरी उतरायचा प्रश्नच नाही. दोन खोल्या, एकीत लेक-सून, दुसरीत ही. आणि तिच्या सुनेचं तोंड असं की पाहुणा चहाही न पिता उठेल. मी म्हटलं, "ठरतंय अजून." तेवढ्यात इकडे लेक म्हणाला, "मी विमानतळवालं पक्कं करतोय बरं का." मी त्याच्याकडे बघून कडाडले, "आपण स्टेशनामागेच उतरायचं! ऐकतोयस ना?"

फोन तोंडाशीच होता.

तिकडे धाकटीनं ते ऐकलं. मग हळूच म्हणाली, "आपण? बरं, बरं ताई." आणि ठेवलाच फोन. एरवी ही बया तीनदा ठेवते म्हणते आणि ठेवत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

विमानतळवालं पक्कं केलं. दोन खोल्या, चार नावं, जायची तारीख २६. बोटात सुई गेली. शर्टाला डाग नाही लागला, तेवढंच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

धाकटीचा फोन, भर दुपारी.

"ताई, हॉटेलात टॉवेल देतात की आपला न्यायचा?"

"देतात. तुला काय करायचंय?"

"मी एक भरलाय तरी. आणि ऐक, खिडकीकडे मी झोपणार. लहानपणी सारखी तूच झोपायचीस."

माझ्या लक्षात येईना. मग आलं. मी लेकाला म्हटलं होतं आपण, ते हिनं स्वतःला लावून घेतलं! पिशवी भरून तयार. शेजारणींना सांगून झालंय. खालच्या दुकानदाराला सांगून झालंय, ताई मला हॉटेलात नेतेय म्हणून. रात्री घालायला नवा गाऊन आणलाय, "जुन्यावर शिवण होती गं, तिथे बरं दिसत नाही." आयुष्यात कधी हॉटेलात राहिली नाही. मी तरी कुठे राहिलेय?

मी सांगायचं होतं तिथल्या तिथे. काय म्हटलं? "गाऊन कुठल्या रंगाचा?"

संध्याकाळी घरात सांगितलं. सुनेनं कपाळाला हात लावला. "आई, आम्ही म्हणायचं होतं ना! आम्ही येतोय, आम्ही उतरणार!" नात लगेच मास्तरीण झाली. "आजी, आम्ही म्हणजे समोरच्याला सोडून, आपण म्हणजे समोरच्यासकट. परीक्षेला येतं हे." मी म्हटलं, समोर तुझा बाप होता, त्याला सोडून मी कशाला बोलू? मी बरोबरच बोलले. फोन मध्ये आला.

लेक म्हणाला, "तुझ्या तोंडून गेलंय, तूच निस्तर. मावशीला सांग, चुकून झालं." जसं काही दूधवाल्याला सांगायचंय, उद्या अर्धा लिटर कमी टाक.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सांगायला फोन केला. ती म्हणाली, "ताई, हॉटेलात लिफ्ट असेल ना? नसली तरी चढेन मी, सावकाश." मी म्हटलं, "असेल." ठेवला.

पुन्हा केला. म्हणाली, "सकाळी खाणं तिथेच देतात म्हणे, हवं तितकं?" म्हटलं, "देतात."

माझ्या जिभेला घर घाबरतं. शिंपी घाबरतो. आणि हिच्यापुढे तीच जीभ शेपूट घालून बसते!

रविवार, १६ नोव्हेंबर

सून बोलत नाही. मीही नाही. घरात शांतता आहे, बरं वाटतंय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

लेकानं हॉटेलवाल्यांना विचारलं, पाचवं माणूस चालेल का? नाही. तिथल्या पॉइंटांच्या खोलीत दोनच, तिसरा जादा खाटेवरसुद्धा नाही. पॉइंटवाल्यांना कोण विचारतो. स्टेशनामागच्यात एक तीन खाटांची खोली आहे, एक दोनची. पाच जण बसतात. पण त्यासाठी विमानतळवालं उद्या दुपारच्या आत सोडायला हवं, नंतर सोडलं तर पॉइंट बुडाले.

मग सोड की! तर नाही. सून म्हणाली, "वर्षातून एकदा जातो आपण. मी काय मागितलं? एक तलाव. तीन दिवस उठून कुणाचा डबा भरायचा नाही, पाण्यात पाय सोडून बसायचं, एवढंच." मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं मिरवायला हवाय तलाव. पहाटे उठते, डबे भरते, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घेते. तिचं म्हणणंही काही खोटं नाही. आता मला तिच्यावर धड रागावताही येईना, म्हणजे तो एक नवीन वैताग!

शेवटी मीच म्हटलं, राहू दे तुमचा तलाव. उद्या सकाळी धाकटीला नाही म्हणून सांगते. संध्याकाळी तासभर जाऊन येईन. केळी घेऊन.

लेक म्हणाला, "नक्की सांगशील ना?"

नक्की. लिहूनच ठेवलंय काय बोलायचं ते. तीन ओळी. वाचून दाखवायचं आणि ठेवायचा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

फोन धाकटीच्या सुनेनं उचलला. धाकटी चपला घ्यायला गेली होती, हॉटेलात घालायच्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात हीच म्हणाली, "मावशी, बरं झालं तुम्ही नेताय त्यांना. तीन दिवसांनी परत पाठवू नका, तुमच्याकडेच ठेवा. त्यांची खोली आम्ही एक तारखेपासून भाड्यानं दिलीय. त्यांना अजून बोललो नाही. हॉटेलात निवांत तुम्हीच सांगा ना, तुमचं ऐकतात त्या."

लेकाला म्हटलं, स्टेशनामागचं घे. पाच माणसं. येताना तिकिटंही पाच. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, सुनेनंही सगळं ऐकलं होतं. उठली आणि आतल्या कपाटातला एक कप्पा रिकामा करायला लागली. माझाच कप्पा, पण असू दे.

धाकटीच्या लेकाला निरोप धाडलाय. पहिल्याच दिवशी हॉटेलात यायचं, आईच्या समोर बसायचं. ती विचारेल, माझी खोली कुणाला दिलीस? उत्तर त्यानं द्यायचं. बायकोनं नाही. मी तर नाहीच.