हात न पोचणारी जागा

प्रिय ताई,

तुझा लेक मजेत आहे, असं मी फोनवर सांगितलं ते धादांत खोटं होतं. तो एका खोलीत राहतो, तिथूनच नोकरी करतो आणि त्याच्या पाठीवर सुजून लालभडक चट्टे उठलेत. डॉक्टर म्हणाले, "अंगातला दाह आणि मनाची उदासी एकमेकांना खतपाणी घालतात. मलम लावा आणि माणसांत राहा." मलम त्यानं आणलं होतं, पण ट्यूब फोडलेलीच नव्हती.

मी तोंड सोडलं. "शोभेला आणलीस का रे?"

"पाठीला हात पोचत नाही, मावशी."

"मग कुणाला तरी सांगायचं!"

"कुणाला?"

ताई, त्याच्या फोनमध्ये मित्र शेकड्यांनी आहेत. मी ट्यूब फोडली. त्याला पालथं झोपवून मलम लावलं. पाठ हुंदक्यांनी हलायला लागली, तेव्हा "गार लागतंय का?" एवढंच विचारलं. "हो," म्हणाला.

तुला सांगणार नाही, असं वचन दिलंय, म्हणून हे पत्र पाठवत नाही. रोज संध्याकाळी जाते. काल म्हणाला, "मावशी, तुझी बडबड ऐकून डोकं उठतं. उद्या जरा लवकर ये."

तुझी,
धाकटी