विहीर बंद करणारे कुलगुरू

सर,

तुमच्या मुलीचा परवा फोन आला. तुमच्यावर पुस्तक काढतायत. खेड्यातला सरकारी डॉक्टर, मग धुळ्याला प्राध्यापक, मग अधिष्ठाता, मग कुलगुरू, अशी सगळी कारकीर्द त्यात येणार आहे, आणि तुमच्या हाताखाली तयार झालेली नर्स म्हणून मी दोन पानं लिहायची आहेत. "चांगल्या चांगल्या आठवणी लिहा, अक्का," असं ती म्हणाली. म्हणजे दुसऱ्याही असतात हे तिला ठाऊक असावं. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि डोक्यात अशी तिडीक गेली की गॅसवरचं वरण करपलेलं मला कळलं नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. माझा राग काही गेला नाही. पुस्तकात तो सांगता येणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

अमळनेर तालुक्यातलं ते गाव मला अजून दिसतं. ऐंशीचं दशक, एसटी फाट्यावर सोडायची आणि पुढे तासभर पायपीट. गावात जुलाब-उलट्यांची साथ, शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर निजवलेली माणसं, खिळ्यांना टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या, आणि मी नवीकोरी नर्स. तुम्ही येता, एकेका रोग्याजवळ बसून विचारता, पाणी कुठलं प्यालास, आणि दुपारपर्यंत गावातल्या मोठ्या विहिरीच्या तोंडावर बाभळीचे काटे टाकून ती बंद करता. एक म्हातारी घासलेला हंडा घेऊन तुमच्यापुढे उभी राहते, मला का अडवता विचारते. "मना हंडा ते चोखा शे, डाक्टर. मंग माले काबर नही?" तुम्ही तिच्याच अहिराणीत सांगता, "बठ्ठासले नही, मंग तुले बी नही, अक्का." मग पाटलांचा गडी येतो, त्यालाही तेच, कुणालाच नाही तर तुलाही नाही. सर, माझ्या आजीला अशाच एका विहिरीवर कधी चढू दिलं नव्हतं, आणि ती विहीर फक्त आमच्या लोकांनाच बंद होती. सगळ्यांना सारखी बंद असलेली विहीर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुम्ही मला देवासारखे वाटलात, आणि आमच्या घरात देव मानत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला त्या म्हातारीची दया आली. काटे बाजूला सारून मी तिला एक हंडा भरू दिला, उकळून पी म्हणाले. तुम्ही नेमकं पाहिलंत. तिच्या कडेवरचा हंडा काढून घेतलात, मातीत ओतलात आणि सगळ्या गावासमोर मला म्हणालात, "सिस्टर, आज हिला सोडलंस, उद्या कुणाला कोणत्या तोंडानं अडवशील?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळी तुम्ही लांबच्या मळ्यातून बैलगाडीवर पाण्याची पिंपं आणलीत, आणि स्वतः उभं राहून सगळ्यांत आधी त्याच म्हातारीचा हंडा भरलात. ती बैलगाडी लक्षात ठेवा, तिच्यावरून मला पुढे बोलायचं आहे.

नर्सिंगच्या पदवीचं खूळ माझ्या डोक्यात तुम्हीच घातलंत. "सुया टोचण्यात जन्म घालवू नकोस, तू शिकवायला पाहिजेस," असं म्हणून धुळ्याला तुमच्या खोलीत बसवून माझा अर्ज तुम्ही तुमच्या हातानं भरलात, तुमच्या त्या डॉक्टरी अक्षरात, आणि कारकुनाला वाचता आला नाही म्हणून पुन्हा भरलात. नवरा अपघातात गेलेला, मुलगी चार वर्षांची. तिला वरणगावला माझ्या आईकडे ठेवलं, तिथे वडील फॅक्टरीत कामाला होते. सरकारनं दोन वर्षांची अभ्यासरजा दिली ती अटीवर. पहिल्या फटक्यात पास झाले तर जळगावला शिकवायची जागा, तिथून वरणगाव तासाभरावर, मुलगी माझ्याजवळ. नाहीतर परत सातपुड्याच्या पायथ्याच्या जुन्या दवाखान्यात, जिथे शाळा नाही आणि पावसाळ्यात एसटी नाही. दोन वर्षं मी दर महिन्याला तिला सांगत होते, परीक्षा झाली की तुला घेऊन जाते.

परीक्षा झाली. आणि पेपर फुटल्याची बोंब झाली. तोवर तुम्ही कुलगुरू झाला होतात, आणि आठवड्याच्या आत तुम्ही आमच्या केंद्रावरच्या सगळ्या मुलींची परीक्षा रद्द केलीत. चौकशी नाही, कुणाचं म्हणणं ऐकणं नाही, सरसकट. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. मी तडक तुमच्या दालनात आले. बाहेर गालिचा, आत भलं मोठं टेबल, त्यामागे तुम्ही, केस पिकलेले, शर्टाच्या खिशात अजून थर्मामीटरची डबी. तुम्ही उठून उभे राहिलात, मला खुर्ची दिलीत, चहा सांगितलात. मी म्हटलं, "सर, सहा महिन्यांनी माझी जागा राहणार नाही. माझी मुलगी तिकडे माझ्या आईलाच आई म्हणायला लागलीय." तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, "तू तसल्यातली नाहीस. तुला विचारायचीसुद्धा मला गरज नाही. पण साथीत विहीर बंद म्हणजे बंद, पोरी. तुझा एकटीचा निकाल लावला तर बाकीच्या दीडशे जणींना काय सांगू?" मी चहा न पिता उठले.

आता बैलगाडीचं. सर, तिथे तुम्ही विहीर बंद केलीत आणि पाणी आणून दिलंत. इथे काय आणून दिलंत? जागा सहा महिने धरून ठेवा असं आरोग्य खात्याला एक पत्र लिहायला तुमचा हात का उचलला गेला नाही? तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणणार होतं? पण नाही. कुलगुरूंचा बाणेदारपणा वर्तमानपत्रात छापून आला, तुमचे सत्कार झाले, आणि आम्ही तोंडचं पाणी पळालेल्या बायका गेलो आपापल्या वाटेनं. मी फेरपरीक्षेत पहिल्या वर्गात पास झाले. जळगावची जागा त्याआधीच भरली होती. पुढची चार वर्षं मी त्या पायथ्याच्या दवाखान्यात काढली. जळगावला आले तेव्हा मुलगी दहा वर्षांची झाली होती, आणि पहिले कित्येक दिवस ती मला अहोजाहो करत होती. पाहुण्या बाईला करावं तसं. हे तुमच्या पुस्तकात कोणत्या पानावर घालायचं, सांगा.

आणि ज्यानं एका साध्या खेडुताला सोडलं नाही, पाणी कुठलं प्यालास ते तीन-तीनदा विचारलं, त्या माणसानं मला मात्र काहीच विचारलं नाही, याचा राग सगळ्यांत जास्त. कारण पेपरच्या सकाळी वसतिगृहाच्या जेवणघरात मी पोहे खात होते, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या बाईनं एक चिठ्ठी माझ्या ताटलीजवळ सरकवली. सहा प्रश्न होते. पाच मला येत होते. सहावा येत नव्हता. पोहे तसेच टाकून तो मी पुस्तकातून पाठ केला आणि दीड तासानं पेपरात लिहिला. तुम्ही विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, अशी स्वतःची समजूत मी तीस वर्षं घालत आले. नसतं सांगितलं, सर. तुम्ही गरज नाही म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

तुमच्या मुलीला दोन पानं काल पोस्टानं पाठवली. साथीची आणि पिंपांची. हे पत्र कुठे जायचं नाही. माझी मुलगी आता स्वतः दोन पोरांची आई आहे, आणि तुमचा विषय निघाला की तिचं तोंड कडू होतं, कारण एका हट्टी कुलगुरूनं तिला आईपासून तोडलं हे तिला लहानपणापासून मीच सांगत आले आहे. चिठ्ठीचं तिला अजून माझ्यानं सांगवलेलं नाही.