सात नंबरचा पावा

१२ नोव्हेंबर

आला! लाखुदान गढवीचा मुलगा आपल्या पायांनी आमच्या रेडिओ केंद्रात आला. जेसल नाव. पस्तिशीचा असेल. लोकवाद्यांच्या चाचणीचा अर्ज भरायला आला होता, आणि वाद्य कोणतं, तर जोडिया पावा! आमचे कारकून हिरजीभाईंनी माझ्यासमोरच अर्जावर शिक्का मारला. मी चहा संपवला.

१३ नोव्हेंबर

कामात लक्ष नाही. संध्याकाळच्या कच्छी बातम्यांत बन्नीच्या रस्त्याची एकच बातमी दोनदा वाचली. श्रोत्यांचे फोन आले. येऊ देत.

एकदा लिहूनच काढते. मी नऊ वर्षांची होते. अब्बा दुधाच्या टेंपोत बसून भुजला याच केंद्रात चाचणीला आले, मी बरोबर. म्हशींमागे वाजवायचे तोच पावा घेऊन — दोन बासऱ्या एकाच तोंडात, श्वास न तोडता. परीक्षक काचेपलीकडे बसतात. त्यांना उमेदवाराचा नंबर सांगतात, नाव नाही. म्हणे न्याय व्हावा म्हणून! मी दाराच्या फटीतून पाहिलं. परीक्षक लाखुदानने हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता आणि शेजारच्याला कुठल्याशा लग्नातली गंमत सांगत होता. अब्बा आत डोळे मिटून वाजवतच होते. पुढे टपालाने कागद आला — 'स्वर कच्चा'.

त्यानंतर अब्बांनी घरात पावा वाजवला नाही. मी रेडिओत का आले असं लोक विचारतात. आवड होती म्हणून सांगते.

१९ नोव्हेंबर

या वेळच्या परीक्षक मंडळात मी! केंद्राच्या साहेबांनी स्वतः सांगितलं. तिघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी उमेदवार नापास, आणि वर्षभर पुन्हा यायचं नाही. एक नाही पुरे. माझं.

अब्बांना इतक्यात काही सांगणार नाही. काम फत्ते झालं की फोन करीन. लाखुदान म्हातारा झालाय, गुडघे गेलेत म्हणे. कान शाबूत असले म्हणजे झालं. मुलाच्या तोंडून ऐकू दे.

२४ नोव्हेंबर

चार दिवस तोच विचार. शेरा काय लिहायचा? तेच दोन शब्द. दुसरं काही नको.

२ डिसेंबर

बाकावर उमेदवार नंबराप्रमाणे बसवतात. येताजाता मोजलं. जेसल सातवा. पांढरी पगडी, हात मांडीवर, कुणाशी बोलत नव्हता. माझ्याकडे पाहून उठून उभा राहिला. मी पुढे गेले.

सहा जण झाले. गजाने वाजवायचा एक सुरंदो बरा, बाकी यथातथा. मग हिरजीभाईंचा आवाज — "नंबर सात."

हेडफोन काढणार नव्हते मी. त्याच्या बापासारखी बेइमानी करायची नाही, पूर्ण ऐकायचं आणि मग पाडायचं असं ठरवलं होतं. ऐकलं. कसं सांगू! संध्याकाळी म्हशी पाण्यावरून परततात तेव्हाची धूळ अंगावर आली. श्वास कुठे घेतो कळेना. त्या घरात हा स्वर आला कुठून? जास्तच संताप आला. आमच्या घरातला घालवला आणि यांच्या घरात नांदतोय!

मंजुळाबेन भजनं गातात, कडक परीक्षक. त्यांनी डोळे पुसले आणि 'उत्तम' लिहिलं. तिसऱ्यांनीही. माझ्या कागदावरचं 'स्वर कच्चा' पाहून मंजुळाबेन म्हणाल्या, "हूरबेन, तुमचा हेडफोन बिघडलाय का?"

"नाही," म्हटलं. "चांगला आहे."

त्यांनी मग माझ्याकडे पाहिलंच नाही. शेवटचे दोन नंबर आम्ही तिघांनी ऐकले.

३ डिसेंबर

पाकीट सील होऊन अहमदाबादला गेलं. आता कुणाचा बापही बदलू शकत नाही. दुपारी दोन दाबेल्या खाल्ल्या. निकाल सोमवारी लागेल. तेव्हा अब्बांना फोन.

आनंद झालाय. झालाच आहे! मग तो पावा डोक्यातून का जात नाही? लाखुदानने निदान ऐकलं तरी नव्हतं. मी ऐकून लिहिलं. पण हे पुरे. त्याने सुरुवात केली होती.

५ डिसेंबर

सकाळी अब्बांचाच फोन. इतक्या वर्षांत रेडिओचं नाव काढलं नव्हतं त्यांनी. म्हणाले, "हूर, तुमच्याकडे चाचणीत सात नंबरवाल्याने पावा कसा वाजवला गं? तुझ्या कानावर आलं असेल. तुला आवडलं नसतं म्हणून बोललो नाही. लाखुदान तीन वर्षांपूर्वी त्याला घेऊन म्हशींच्या वाड्यावर आला, माझे पाय धरले. म्हणाला, त्या दिवशी मी ऐकलंच नाही, आता याला शिकव. माझ्याकडचं होतं नव्हतं ते सगळं दिलंय त्याला. माझं आता वय झालं, बेटा. रेडिओवर तो वाजला की मीच वाजलो."

मी म्हटलं, आवाज तुटतोय, मागाहून करते. आवाज अगदी स्वच्छ येत होता.