रानकेळीला उन्हाळ्यात पाणी नको

आई, आज कारखान्याला सुट्टी आहे आणि नळाला पाणी यायचा दिवसही नाही, म्हणून दुपार मोकळी मिळाली. तुला वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. तरी आधी जुन्या वहीत कच्चं लिहिलं आणि आता पक्कं उतरवून घेतो आहे. माझी वही हातात घेऊन तू फक्त ओळी सरळ आहेत का तेवढं बघायचीस, म्हणून ओळी सरळ ठेवल्या आहेत.

परसात मोरीच्या पलीकडे, तुझी रानकेळ होती त्या जागेपासून दोन हात सोडून, मी दुसरी लावली आहे. आत्ता कुणी येऊन बघितलं तर तिथे काहीच दिसणार नाही. चार काठ्यांवर कारखान्यातला एक बाद टॉवेल ताणून मी सावली केली आहे आणि त्या सावलीखाली भेगाळलेली माती आहे, एवढंच. पौषात शेवटचं पान वाळून गळालं तेव्हापासून हे असंच आहे. मातीत लसणाच्या गड्ड्याएवढा कंद आहे, निदान तेव्हा होता. अकरा बिया लावल्या, दोन उगवल्या, एक शेळीने खाल्ली, उरली ती ही. तिचा हा पहिलाच उन्हाळा. तू सांगून ठेवलं होतंस त्याप्रमाणे मी तिला पौषापासून पाण्याचा थेंब दिलेला नाही. पण सोलापूरचं ऊन तुला माहीत आहे. दुपारी मोरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. ती आत जिवंत आहे की मेली, हे पाऊस पडेपर्यंत कळायचं नाही, आणि पावसाला अजून महिना आहे.

मागच्या आठवड्यात शेजारच्या अम्मा तांदूळ धुतलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्या आता फार थकल्या आहेत, विड्या वळणं सुटलं, पण तुझ्या वेळचा हक्क सुटलेला नाही; मधल्या भिंतीच्या फटीतून अजूनही न विचारता येतात. मी तिथे एक पाटी लावली आहे, "कृपया येथे पाणी ओतू नये" अशी. रंगवण्याआधी प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं होतं. अम्मांनी पाटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुणाला लावलास बाबू? मला वाचायला येत न्हाय. झाडाला येतंय का?" मी धावत जाऊन तांब्या धरला. सांगितलं, ही डोंगरातली केळ आहे, हिला उन्हाळ्यात पाणी चालत नाही, कंद कुजतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आईला पण असंच मोजून मोजून पाजलास. आता झाडाला तेवढं पण न्हाय व्हय?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उरलेलं पाणी त्यांनी आपल्या तुळशीला घातलं आणि जाता जाता मला विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

तुझी मशेरीची डबी माझ्याकडे आहे. मी आठवीत असताना तू माहेराहून आलीस आणि ती डबी उघडून माझ्या तळहातावर उपडी केलीस. मला वाटलं काळे हरभरे आहेत. वाटाण्यापेक्षा मोठे, काळेभोर, कोपरे आलेले दाणे, आणि सगळ्यांना मशेरीचा वास. केळीचं बी, असं तू म्हणालीस तेव्हा मी हसलो होतो. केळ्यात बी नसतं, हे आमच्या पुस्तकात होतं आणि बाजारातल्या केळ्यातही तसंच दिसत होतं. तू म्हणालीस, तुझ्या पुस्तकवाल्याला आमच्या कड्यावर चढव. मग सांगत बसलीस. तुमच्याकडे तिला रानकेळ म्हणतात, म्हातारी माणसं चवेणी म्हणतात. ती खडकाच्या कपारीत येते, जिथे शेळीसुद्धा जात नाही. तिला आपल्या केळीसारखी बुडातून पिल्लं फुटत नाहीत. कितीतरी वर्षांनी एकदाच केळफूल येतं, घड धरतो, आणि घड पिकला की ती संपते. मागे राहतं ते फक्त बी, आणि बी कुठे पडेल ते वटवाघळाच्या मनावर. तुमच्याकडच्या लग्नांत तिच्या पानांवर पंगती उठायच्या, गुरांना ती पानं घालायचे, कोवळ्या फुलाची भाजी व्हायची. बी सहाणेवर उगाळून मुतखड्याला देत असत. आणि तुम्ही पोरी त्याच बियांचे खडे करून खेळायचात.

तुझं माहेर कोयनेकडच्या डोंगरात आणि आमचं घर इथे. आजोबांचं गाव धरणात गेलं आणि बदल्यात इकडे जमीन मिळाली, पण सोयरीक करायला ते जुन्या मुलखातच गेले, म्हणून तू इथे आलीस. हे मला फार उशिरा नीट समजलं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच आया आल्या आल्या उन्हाकडे बघून "हे कसलं गाव" म्हणत असतील. बी आणलंस त्याच खेपेला तू पोत्यात गुंडाळून रानकेळीचा गाभाही आणला होतास. स्वयंपाकघरात विळीवर त्याच्या चकत्या करताना प्रत्येक चकतीमागे बोटाला धागे गुंडाळत होतीस, आणि मी जवळ बसून ते धागे मोजत होतो. ताकाच्या पाण्यात टाकून ठेवलास, मग हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवलास. बाबा यंत्रमागावरून आले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आज लाकूड शिजवलंस व्हय?" तू म्हणालीस, "वाढू का आजून?" त्यांनी ताट पुढे केलं. मला ती भाजी आवडली नव्हती. आता चव आठवत नाही, ताकाचा वास तेवढा आठवतो.

बी पेरल्यावर तू मला वाफ्याजवळ जाऊ देत नव्हतीस. आठव्या दिवशी मी नखाने माती बाजूला करून बघितली, तशी मागून येऊन तू हातावर चापट मारलीस. तेवढी एकच चापट मला आठवते. "रोज उकरून बगितलं तर ती काय दम धरंल?" असं म्हणालीस आणि माती परत सारखी केलीस. अडीच महिन्यांनी ती उगवली. मी दहावीला गेलो तोवर तिची पानं भिंतीच्या वर गेली होती आणि अम्मा त्यांच्या सणाला त्यातलं एक मागून न्यायच्या. त्यांच्या तेलुगूत तिला अडवी अरटी म्हणतात, जंगलातली केळ. दर थंडीत ती वाळून जायची, गल्लीतले लोक म्हणायचे मेली, आणि दर पावसाळ्यात परत यायची. घड मात्र आपल्याकडे कधी धरला नाही. तेवढी वर्षं तिला मिळाली नाहीत.

मग तुझी किडनी गेली. मी अकरावीत नाव घातलं होतं, ते सहा महिन्यांत सोडलं. बाबांना माग सोडता येत नव्हता आणि दवाखान्यात कुणीतरी बसायला हवं होतं. आत्या येऊन म्हणाली की घरात बी आहे तर उगाळून का देत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ते नाही म्हणाले. तू तर हसलीस. "ते मुतखड्याला. माजं दुसरंच हाय. आन बी लावायला हाय, खायला न्हाय." डबी तू फळीवर वरच्या बाजूला ठेवायला लावलीस.

डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर पाणी सांगितलं होतं, चहा आणि आमटी धरून. मी सरबताच्या एका जुन्या बाटलीवर लाल रेघ मारली. सकाळी रेघेपर्यंत भरायची आणि त्यातलंच दिवसभर. चहा केला की तेवढं पाणी बाटलीतून आधी ओतून टाकायचो. सगळे म्हणायचे, पोरगं किती नीट करतंय. मला ते ऐकायला आवडायचं, हेही लिहून ठेवतो. मार्गशीर्षातल्या एका दुपारी तू एक घोट मागितलास. पाणी संपलं होतं. मी नाही म्हणालो नाही, फक्त रिकामी बाटली तुझ्यासमोर धरली. तू बाटलीकडे बघितलंस, "बरं" म्हणालीस, आणि मान परसाच्या दाराकडे वळवलीस. रानकेळीची पानं पिवळी पडून लोंबत होती. जरा वेळाने म्हणालीस, "तिला बी आता पावसापातूर पानी न्हाय. आमी दोगी एकाच डाक्टरच्या." मी हसलो. तूही हसलीस. मग नीट माझ्याकडे बघून सांगितलंस, "मी आसन नसन, तिला उनाळ्यात पानी घालू नगंस. कुजंल."

माघात तू गेलीस. पाहुणे परतले त्या दिवशी मी फळीवरची बाटली काढली, तोंडापर्यंत भरली आणि रानकेळीच्या बुडाशी ओतली. दुसऱ्या दिवशी परत. तू सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी कोरडी माती बघवत नव्हती. चार-चार दिवस नळ यायचा नाही, तेव्हा माझ्या अंघोळीतलं पाणी वाचवून घातलं. चैत्र संपेपर्यंत एक सकाळ चुकली नाही. वैशाखात एकदा हात लावला तर कंदात बोट आत गेलं. वास आला. मी तो काढून घंटागाडीत टाकला आणि बाबांना सांगितलं, उन्हाने गेली. डबीत चार बिया उरल्या होत्या, त्या पुढे दोन पावसाळ्यांत लावल्या. एकही आली नाही. दहा वर्षं त्या जागेवर मी धुणं वाळत घातलं.

गेल्या वर्षी वैशाखातच मामाकडे गेलो. का गेलो ते मामाने विचारलं नाही, बी पाहिजे म्हटल्यावर सरळ कड्याखाली घेऊन गेला. ऊन तिथेही होतं. त्याने वर बोट दाखवलं, पण मला नुसता काळा खडक दिसत होता. मग दिसले. कपारींतून बसलेले कंद, मोठ्या रांजणासारखे, वर एक पान नाही. मी म्हणालो, सगळ्या मेल्या का. मामा म्हणाला, "मरत्यात कशाला? समदं आत वढून घेतलंय." आणि मग, मी काही न विचारता, "हितं कोन पानी घालाय जातंय?" मी खाली बसलो. मामाला वाटलं चढाने दमलो. त्याने गूळ दिला. परत येताना अकरा बिया दिल्या आणि सांगितलं की पहिल्या उन्हाळ्यात जपावं लागतं, सावली कर, पण पाणी नको. बिया मी तुझ्याच डबीत घालून आणल्या. तिला अजून वास आहे.

अम्मा तसं बोलून गेल्यावर मी चार दिवस कामात चुकलो. दोन फाटके टॉवेल माझ्या तपासणीतून पुढे गेले. रविवारी जेवताना मी बाबांना सांगून टाकलं, की तेव्हाची केळ उन्हाने गेली नव्हती, मी पाणी घातलं होतं. ते भाकरी मोडत होते. म्हणाले, "ठावं हाय की. रोज सकाळी वाफा वला दिसायचा."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"काय बोलायचं? तुला तेवढं एकच काम उरलं हुतं." मग ताटाकडे बघत म्हणाले, "तुजी आई तुज्यावर रागावली नव्हती. मला म्हनली हुती, बाटली धरताना त्येचा हात थरथरतोय, त्येला कायबाय खायला घाल." आणि त्यांनी अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली.

हे तू मला का सांगितलं नाहीस, असं विचारावंसं वाटतं. पण सांगितलं असतंस तर मी बाटली धरू शकलो नसतो, हेही कळतं.

आता चार वाजत आले. टॉवेलची सावली भिंतीकडे सरकली आहे, काठ्या थोड्या पुढे घ्याव्या लागतील. ती बाटली मी टाकलेली नाही, फळीवर आहे, रिकामी. हे पान घडी करून तुझ्या डबीत ठेवणार होतो, पण डबी लहान पडते, म्हणून वहीतच राहील.

एक राहिलं. आज सकाळी बाबा आंघोळीला गेल्यावर मी माती उकरून बघितली. एकाच बोटाने, आणि बोट आधी कोरडं पुसून घेतलं होतं. कंद घट्ट लागला. माती परत सारखी केली आहे.