कॅनभर पाणी

४ एप्रिल २०१६, नांदेड
दुपारभर फोनवर फोन केले. सिद्धेश्वरनं एकही उचलला नाही! संध्याकाळी निवांत आवाज — "अगं, रास्ता रोकोत होतो. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे!" वा रे वा! जिल्ह्यासाठी भर उन्हात डांबरावर बसतो, माझ्यासाठी एक बटण दाबवत नाही. म्हटलं, मग त्या जिल्ह्याशीच लग्न कर. फोन कट. नंबर ब्लॉक.

५ एप्रिल
अनब्लॉक केला. माझी मलाच शिसारी आलीय.

७ एप्रिल
काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, राग आला की आधी खोल श्वास घे. श्वास! तोवर माझं बोलून झालेलं असतं. सकाळी माणूस देव वाटतो, दुपारी त्याचं तोंड बघवत नाही. आजाराचं नाव बॉर्डरलाइन म्हणे.
अक्षय तृतीयेला साखरपुडा. सिद्धेश्वरला यातलं काहीच सांगितलेलं नाही. सांगितलं तर जाईल. नाही सांगितलं तर फसवलं म्हणेल, आणि मग जाईल! आई म्हणते, "तू गप बस. मी बघते." काय बघते, देव जाणे.

१० एप्रिल, रविवार
न कळवता उदगीरला गेले. तिकडं नळाला दोन-दोन आठवडे पाणी नाही, पाहुणे आपलं पाणी आपण नेतात. मीही मोठा कॅन भरून एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं हाफ काढू का?"
सिद्धेश्वरच्या आईचा (तो तिला अव्वा म्हणतो), पार्वतम्मांचा, चेहरा कॅन बघून फुलला. "लई केलंस गं बाई!" तो टँकरच्या रांगेत होता. घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "आज कशाला आलीस?"
कशाला आलीस! बस्स. पुढचं मला ऐकूच आलं नाही. "मी नको ना? मग माझं पाणीही नको!" कॅन आडवा केला. सगळं पाणी अंगणात.
पार्वतम्मा खाली बसल्या आणि पोत्यानं टिपून टिपून बादलीत पिळायला लागल्या. गढूळ पाणी. मी तिथून पळाले.

११ एप्रिल
एवढ्या उन्हात कशाला आलीस, असंच विचारत असेल तो. हे आज कळतंय! काल का नाही? कंटाळा आलाय मला माझा.

१३ एप्रिल
उद्या सगळं सांगणार. आजारामुळं ओतलं म्हणणार. खरंच आहे ते. मग होऊ दे काय व्हायचं ते.

१४ एप्रिल
सांगितलं. तो म्हणाला, "माहीत हाय. तुझ्या आईनं पहिल्याच बैठकीत सांगितलं. तवाच हाव म्हणलो मी."
आणि मी इथं मरमर लपवत बसले!
मग म्हणाला, "आजाराची माफी मागू नको. पाण्याची माग. अव्वाची."
साखरपुड्याचं काही बोलला नाही. मी विचारलं नाही.